हातोड्या बदलल्या तरी पियानो तोच

जुना पियानो कर्कश वाजू लागला की पहिला संशय तारांवर जातो. सूर लावणारा येतो, दोनशेहून अधिक तारा एकेक करून जुळवतो, आणि तरीही आवाज टोचतच राहतो. सूर जुळतात, पण नाद बिघडलेलाच असतो. कारण तो घडतो तारेवर आदळणाऱ्या हातोडीत. वापराने टणक झालेल्या हातोड्या बदलणे ही त्या वाद्याशी इमान राखणारी दुरुस्ती आहे, असे माझे ठाम मत आहे.

हातोडी म्हणजे लाकडी गाभ्यावर ताणून, दाबून बसवलेला लोकरीचा नमदा. पॅरिसच्या झां-आंरी पाप याने १८२६ साली नमद्याच्या हातोडीचे पेटंट घेतले. त्याआधी चामडे लावत. नमद्याची खुबी अशी, की तो जितका जास्त दाबला जातो तितका कडक होत जातो. पट्टी हलकेच दाबली तर त्याचा वरचा मऊ थरच तारेला लागतो, क्षणभर अधिक टेकतो आणि वरचे तीक्ष्ण उपस्वर शोषून घेतो. जोर लावला की आतला घट्ट थर कामाला येतो आणि आवाज उजळतो. वर्षानुवर्षांच्या आघातांनी मात्र नमद्याचे टोक चपटे होते. मधल्या-वरच्या स्वरांना तीन-तीन तारा असतात, त्यांच्या तीन खाचा हातोडीवर उमटतात आणि खाचांच्या तळाची लोकर आवळून टणक होते. मग हलके वाजवले तरी तो टणक थरच तारेला भिडतो. आवाज लहानमोठा करता येतो, त्याचा रंग बदलता येत नाही. आणि वादकाचे सगळे कसब तर त्या रंगातच असते.

यावर कारागीरच सांगतील, की कानस कागदाने घासून आणि सुया टोचून नमदा मोकळा करता येतो. येतो, आणि आधी तेच करावे. पण प्रत्येक घासणीत थर पातळ होतो. वरच्या सप्तकांत तो मुळातच पातळ असतो. तिथे लाकूड जवळ आले की सुईला काम करायला जागाच उरत नाही. कसर लागलेल्या लोकरीचेही तेच.

दुसरा आक्षेप अस्सलपणाचा, आणि तो वजनदार आहे. पियानोचा जनक क्रिस्टोफोरी याचे १७२०, १७२२ आणि १७२६ चे तीनच पियानो आज उरले आहेत. तिथे प्रत्येक मूळ तुकडा हा पुरावा आहे, त्याला हात लावू नये. घरात रोज वाजणाऱ्या पियानोला तो न्याय लावणे चूक. तंबोऱ्याची घोडी तारेने झिजली की जवारी पुन्हा काढतात, म्हणून तंबोरा खोटा ठरत नाही. जुन्या हातोड्या क्रमांक घालून जपून ठेवाव्यात, म्हणजे मूळ मापेही हाती राहतात.

खरा धोका वेगळाच आहे. हातोडीचे वजन एका ग्रॅमने वाढले तर बोटाखाली ते पाचएक पट जाणवते. जड हातोड्या बसवल्या की चांगला पियानोही थकवणारा होतो. म्हणून जाणता कारागीर सगळा संच एकदम चिकटवत नाही. प्रत्येक भागातल्या पहिल्या आणि शेवटच्या हातोड्या आधी बसवून वाजवून पाहतो. वरच्या टोकाला तर हातोडी मिलिमीटरभर पुढे-मागे सरकवत, तार सर्वांत मोकळी बोलते ती जागा कानाने शोधतो आणि मगच सरस लावतो.