सुट्टीतली मुले कोणी सांभाळायची?

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली व्याख्यानमाला वसंतात भरते, आणि तेच दिवस मुलांच्या मोठ्या सुट्टीचे असतात. व्याख्यानाला आलेल्या कित्येक आईबापांच्या मनात त्या वेळी एक विचार घोळत असतो: उद्या सकाळी आपण कामावर गेलो म्हणजे मुलाकडे कोण पाहील? हा प्रश्न घरगुती म्हणून आपण सभेत मांडीत नाही. पण जो प्रश्न गल्लीतल्या प्रत्येक घराला पडतो तो एका घराचा राहत नाही. तो गावाचा होतो. म्हणून त्याचा येथे थोडा विचार करू.

प्रथम हिशेब पाहू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस भरली पाहिजे आणि सहावी ते आठवीची २२० दिवस. म्हणजे लहान वर्गांची शाळा १६५ दिवसांपर्यंत बंद राहू शकते. त्यांतून ५२ रविवार वगळले तरी ११३ उरतात. आता आईबापांची बाजू. दुकाने व कार्यालये यांच्यासाठी महाराष्ट्राने २०१७ साली केलेल्या कायद्यात वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस हक्काची रजा आहे, आणि वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा. तीनशे दिवस काम करणाऱ्याला एकूण २३ दिवस मिळाले. नवराबायकोने आपली सारी रजा आळीपाळीने मुलांसाठी खर्च केली, तरी ती ४६ दिवसच पुरते. आणि आजारपण, लग्नकार्य यांसाठी मग काहीच उरत नाही.

या कामी कायदा मदतीला येतो का? येतो, पण थोडाच. १९४८ च्या कारखाना कायद्याने बायका कामाला असलेल्या मोठ्या कारखान्यांवर पाळणाघराची सक्ती केली, ती सहा वर्षांखालील मुलांसाठी. १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी कायदा झाला, त्यातही हीच मर्यादा. सहा वर्षांनंतर मूल शाळेचे झाले, असे कायद्याने मानले. मात्र शाळेला कुलूप असेल त्या दिवशी ते कोणाचे, हे कोणी सांगितलेले नाही. ते उत्तर आईबापांनाच शोधावे लागते.

जुन्या पुण्यात हे उत्तर वाड्याच्या चौकात होते. मुले तेथे खेळत आणि कोणाची तरी आजी किंवा काकू ओसरीवरून त्यांच्यावर नजर ठेवी. नाहीतर मुले महिनाभर आजोळी जात. ती देखरेख फुकट होती असे आपण म्हणतो. खरे म्हणजे ती घरातल्या बायकांच्या श्रमांवर चाले, आणि त्या श्रमांची किंमत आपण कधी मोजली नाही. आज वाडे पुष्कळसे गेले, आजोळही शहरातच दोन खोल्यांत आले आणि मुलांची आई कामावर जाऊ लागली. तेव्हा जी वस्तू न मागता मिळत होती, ती आता पारखून घ्यावी लागते.

पारखताना आपण एक चूक नेहमी करतो. शिकवणे आणि सांभाळणे या दोन गोष्टी आपण एकच समजतो. सकाळी चित्रकला, दुपारी बुद्धिबळ, संध्याकाळी पोहणे असे तीन छंदवर्ग लावले की मूल गुंतले, असे आपल्याला वाटते. पण दोन वर्गांमधल्या दुपारच्या उन्हात मूल कोठे असते? त्याला ताप आला तर कोणाला कळते? वर्गाचा शिक्षक वर्गापुरताच जबाबदार असतो. सारसबागेजवळ १९८५ साली शोभा भागवत यांच्या पुढाकाराने गरवारे बालभवन सुरू झाले, त्याने अनेक मुलांना खेळाचा आनंद दिला. पण असे बालभवनही दिवसभराचे पाळणाघर नव्हे, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही करू नये. सांभाळणे म्हणजे ठरलेल्या वेळात मुलाला एका माणसाच्या हवाली करणे, आणि त्या माणसाने ती जबाबदारी उघडपणे पत्करणे.

म्हणून शिबिर असो, पाळणाघर असो की शेजारच्या काकू असोत, पैसे भरण्यापूर्वी आम्ही काही साधे प्रश्न विचारावे असे सुचवतो. मुले किती आणि मोठी माणसे किती? दुपारी बारा ते चार मुले कोठे बसतात, पाणी व संडासाची सोय कशी आहे? मूल घरी कोणाबरोबर सोडतात, अनोळखी माणूस न्यायला आला तर काय करतात? आईबापांना न कळवता केव्हाही येऊन पाहता येते का? या शेवटच्या प्रश्नाला कोणी आढेवेढे घेतले, तर तेथून परत फिरावे. मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचा असतो. नुसती ओळख ही काही हमी नव्हे.

आजीआजोबा घरी असतील त्यांनाही विचारावे, गृहीत धरू नये. सत्तरीच्या माणसाला दोन नातवंडांमागे दिवसभर धावणे झेपत नाही, आणि ते तसे बोलून दाखवीत नाहीत. अर्धा दिवस त्यांचा व अर्धा दिवस पाळणाघराचा, अशी वाटणी दोघांनाही सुखाची होते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. काही सोय झाली नाही म्हणजे पुष्कळ घरांत धाकट्याला थोरल्या बहिणीच्या हाती देतात. ती अकरा-बारा वर्षांची असते. भाऊ तेवढाच असला तर तो मैदानावर जातो. तासभर लक्ष ठेवणे निराळे आणि सारी सुट्टी दाई होणे निराळे. धुण्याभांड्यांची कामे करणाऱ्या बायकांच्या घरी तर याला पर्यायच नसतो. आणि आपली मुले नीट राहावीत म्हणून आपण ज्या बाईला कामावर बोलावतो, तिची मुले कुठे असतात हे आपण क्वचितच विचारतो.

एक मार्ग मात्र आपल्या हाती आहे. सुट्टीचे सहा आठवडे धरले तर कामाचे दिवस होतात ३६. एका इमारतीतली चार घरे एकत्र आली तर मोठी माणसे आठ; प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच दिवस येतात. एवढी रजा बहुतेकांना जमते. ज्यांना जमत नाही त्यांनी खर्च उचलावा, आणि इमारतीची सभेची खोली मुलांना मोकळी करून द्यावी. कामवाल्या बाईंची दोन मुले त्यात आली तर खोली लहान पडत नाही.

आणि संध्याकाळी घरी आल्यावर मुलाला ‘आज काय शिकलास?’ असे विचारू नये. ‘कोणाबरोबर खेळलास? जेवलास ना? उद्या जायचे आहे ना?’ असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. आपली निवड बरोबर होती की चूक, हे त्या उत्तरावरूनच कळते.