संशोधनातही भागीदारी
2008 च्या मंदीत युरोपने ‘भविष्यातील कारखाने’ ही 120 कोटी युरोंची संशोधन-योजना आखली. निम्मा खर्च युरोपीय आयोगाचा, निम्मा कारखानदारांचा. संगणकाच्या पडद्यावर माल आधी घडवून दोष शोधावे, मग यंत्र चालवावे, या पद्धतीस तिने बळ दिले.

ही रीत आपणांस परकी नाही. 1923 च्या कायद्याने गिरण्यांच्या व निर्यातीच्या कापसावर उपकर बसला. त्याच निधीच्या आधारे 1924 साली मुंबईची कापूस प्रयोगशाळा उभी राहिली. तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आज सावरगावकरांना जवळच्या नागपुरास आहे.

व्यापारी बंधूंस आमची विनंती इतकीच : वाटा उचलणाऱ्यासच विषय सुचविण्याचा अधिकार शोभतो. जिनिंगमध्ये तुटणारा तंतू व गाठीतील कचरा हे आपलेच प्रश्न होत. मंडळाने वर्गणीतून निधी काढावा आणि ते नागपुरास न्यावेत.