सिनेमाच्या शेवटी सरकणारी नावं

(तेलगाव येथे शालेय विद्यार्थी आणि पालकांपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पोरगं म्हणालं, "मला चित्रकलेतच पुढं जायचंय," की घरातून पहिला प्रश्न येतो, "त्यानं पोट भरतं का?" या प्रश्नाला हसायचं नाही. ज्या घरातून दिवाळीच्या आगेमागे कोयता बांधून निघावं लागतं, त्या घराला हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. म्हणून आज उत्तरही सरळ देतो.

आधी बघू, कलेतलं काम म्हणजे काय. 'सैराट' तुम्ही पाहिलाय. आर्ची-परशा आठवतात. पण सिनेमाच्या शेवटी जी नावं वर सरकत जातात, ती कुणी वाचली? तोवर आपण उठलेलो असतो! कॅमेरा, प्रकाशयोजना, ध्वनिमुद्रण, संकलन, वेशभूषा, रंगभूषा, सेट उभारणारे सुतार आणि रंगारी. पडद्यावर दोघं दिसतात, कामावर शेकडो असतात. आणि हे फक्त सिनेमात नाही. पाठ्यपुस्तकातलं चित्र, बियाण्याच्या पिशवीवरचं कापसाचं बोंड, साडीचा काठ, मोबाइलच्या गेममधलं पात्र, हे सगळं कुणीतरी पैसे घेऊन केलेलं असतं.

आता दुसरा प्रश्न. तिथं जायचं कसं? नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांनी आधी मराठीत एम.ए. केलं, मग अहमदनगरला संज्ञापनाचं शिक्षण घेतलं. पुढे 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2013 मध्ये 'फँड्री' आला आणि 2016 मध्ये 'सैराट'. आपण शेवटचं यश बघतो, मधलं शिक्षण बघत नाही.

तुमच्यासाठी पहिलं दार शाळेतच आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला 7 वाढीव गुण, ब श्रेणीला 5, क श्रेणीला 3. लोककला सादर करणाऱ्यांनाही सवलतीचे गुण आहेत. म्हणजे हलगी, संबळ वाजवणारा पोरगा 'वाया गेलेला' नाही! त्यापुढे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कला महाविद्यालय आहे, विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट 1960 पासून आहे, पण तिथले मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचे. त्यामुळे आधी पदवी पूर्ण करायची.

इथं एक अडचण आपल्या भागाची. रेखाकला परीक्षा बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होते आणि त्यानंतर लगेच कारखान्यांचे बॉयलर पेटतात. टोळीबरोबर पोरगं गेलं की चित्रकलाच काय, शाळाच सुटते. पालकहो, म्हणून हात जोडून सांगतो, हंगामी वसतिगृहात ठेवा, आजी-आजोबांजवळ ठेवा, पण पोराला शाळेत ठेवा. गुरुजी, तुम्ही फॉर्मची तारीख घरी जाऊन सांगा. नोटीस बोर्डावर लावून भागणार नाही.

आता पैशाचं. खोटं बोलत नाही. या क्षेत्रात महिन्याचा पगार सगळ्यांना नसतो. बरंचसं काम कामापुरतं मिळतं, मधे चार महिने रिकामेही जातात. सुरुवातीला 'नाव होईल' म्हणून फुकट राबवून घेणारेही भेटतात. उचल घेतली आणि हिशेब फक्त मुकादमाच्या वहीत राहिला तर काय होतं, हे इथं कुणाला शिकवायला नको. तेच इथं लागू आहे. काम किती, पैसे किती, कधी, हे कागदावर घ्या. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. वेगळा करार नसेल तर नोकरीत केलेल्या कामाचा पहिला हक्क सहसा मालकाचा असतो. आपला हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो. म्हणून सही करण्याआधी वाचा.

तर, पोट भरतं का? भरतं. पण नुसत्या हौसेवर नाही. हातात कसब लागतं, शिक्षण लागतं आणि हिशेब लागतो.

जाता जाता एक गृहपाठ. पुढचा सिनेमा बघाल तेव्हा शेवटपर्यंत बसा. सरकणाऱ्या नावांमधून एक काम निवडा आणि ते कुठं शिकवतात हे आपल्या गुरुजींना विचारा.