धनकोला जाब विचारणारी माणसे

लूकच्या शुभवर्तमानातील त्या विधवेची गोष्ट आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. न्यायाधीश निर्ढावलेला, विधवेजवळ ना पैसा, ना वशिला. तिच्याजवळ होती ती फक्त चिकाटी. ती रोज त्याच्या दारी गेली आणि अखेर त्या दगडालाही पाझर फुटला. प्रार्थनेत खंड पडू देऊ नये, हे शिकविण्यासाठी प्रभू येशूने हा दाखला दिला, हे खरे. परंतु प्रभूने उदाहरण निवडले ते न्याय मागणाऱ्या एका गरीब बाईचे, हेही आपण विसरू नये.

या दाखल्याची आठवण करून देणारी एक हकीकत नर्मदेच्या खोऱ्यात घडली आहे. देवास जिल्ह्यात कन्नौद हे तालुक्याचे गाव आहे. इंदूरहून बैतूलकडे जाणारा रस्ता कन्नौद, खातेगाव करीत नेमावरला नर्मदेपाशी पोचतो. नेमावर ही नर्मदेची नाभी, असे तेथील श्रद्धाळू लोक मानतात. हीच नदी पुढे पश्चिमेस धार जिल्ह्याच्या कडेने वाहते. तेथे तिच्या काठी चिखलदा नावाचे गाव होते. 'होते' असेच आता म्हणावे लागते. २०१९ साली सरदार सरोवर प्रथमच काठोकाठ भरले, तेव्हा ते गाव पाण्याखाली गेले.

कर्ज कोणाचे, घर कोणाचे?

सरदार सरोवर धरण गुजरातमध्ये असले, तरी त्याचे पाणी फुगते ते मुख्यतः मध्य प्रदेशात आणि आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व धडगाव या तालुक्यांत. महाराष्ट्रातील ३३ गावे त्याच्या बुडीत क्षेत्रात आली. १९७९ च्या डिसेंबरात लवादाने निवाडा देऊन धरणाची उंची ठरविली आणि जमीन गमावणाऱ्यास जमीनच द्यावी, असेही सांगितले. पुढे १९८५ साली जागतिक बँकेने या कामासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले.

ही बँक म्हणजे आपल्या गावच्या पतपेढीसारखी संस्था नव्हे. वसईत १९१८ साली आपल्या लोकांनी कॅथॉलिक सहकारी बँक स्थापन केली. तेथे भागधारक वार्षिक सभेत उभा राहून हिशेब विचारू शकतो. जागतिक बँकेचे भागधारक आहेत ती निरनिराळ्या देशांची सरकारे. कर्ज देणारी बँक, घेणारे सरकार. आणि ज्याचे घर बुडणार, तो शेतकरी त्या कागदावर कोठेच नाही! लग्न दोघांचे ठरावे आणि घर तिसऱ्याचे मोडावे, तसा हा प्रकार होता.

तथापि त्या बँकेने स्वतःसाठी काही नियम केलेले होते. लोकांना सक्तीने उठवावे लागल्यास त्यांचे पुनर्वसन कसे व्हावे, याविषयी १९८० पासून तिचे लेखी धोरण होते. खोऱ्यातील आदिवासी व शेतकऱ्यांनी नेमके हेच हाती धरले. श्रीमती मेधा पाटकर १९८५ साली या भागात आल्या. गावोगाव बैठका झाल्या, माहिती मागितली गेली. १९८९ च्या सप्टेंबरात हरसूद येथे हजारो माणसे एकत्र जमली. कुष्ठरुग्णांचे सेवक बाबा आमटे आनंदवन सोडून नर्मदाकाठी राहावयास आले. १९९० च्या अखेरीस निघालेली पदयात्रा गुजरातच्या सीमेवर फेरकुवा येथे अडविण्यात आली आणि तेथे दीर्घ उपोषण झाले. लोकांचे मागणे अवघड नव्हते: 'तुम्ही आपलाच नियम पाळला काय, ते सांगा.'

अखेर बँकेला उत्तर द्यावे लागले. १९९१ साली तिने एक स्वतंत्र समिती नेमली. अमेरिकेचे ब्रॅडफर्ड मोर्स तिचे अध्यक्ष होते, तर कॅनडाचे माजी न्यायाधीश थॉमस बर्जर उपाध्यक्ष. चालू कामाची अशी बाहेरच्या माणसांकडून तपासणी बँकेच्या इतिहासात प्रथमच होत होती. ही मंडळी खोऱ्यातील गावांत गेली आणि लोकांचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले. १९९२ च्या जूनमध्ये त्यांनी अहवाल दिला. चालू परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन होणे शक्य नाही, पर्यावरणाचा विचार नीट झालेला नाही, सबब बँकेने मागे पाऊल घ्यावे, असा त्याचा आशय होता. १९९३ च्या मार्चअखेर भारत सरकारने उरलेले सुमारे १७ कोटी डॉलर नाकारले आणि बँक या कामातून बाहेर पडली.

दार उघडले, परंतु किती?

कोणी म्हणेल, मग धरण थांबले काय? नाही. ते देशातील पैशाने पुरे झाले. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने बांधकामास अनुमती दिली. २०१७ साली त्याच न्यायालयाने, जमीन न मिळालेल्या ६८१ कुटुंबांना प्रत्येकी ६० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. धरणाचे पाणी कच्छ-सौराष्ट्रातील तहानलेल्या गावांना मिळाले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तहानलेल्याला पाणी मिळू नये असे कोणताही ख्रिस्ती मनुष्य म्हणणार नाही. प्रश्न इतकाच, की एकाची तहान भागविण्याची किंमत दुसऱ्याने, तीही त्याला न विचारता, का मोजावी?

मात्र खोऱ्यातील माणसांची धडपड वाया गेली नाही. १९९३ च्या सप्टेंबरात जागतिक बँकेने तीन सदस्यांचे एक तपासणी मंडळ स्थापन केले. बँकेच्या कर्जाने चाललेल्या कामामुळे ज्यांचे नुकसान झाले वा होण्याची भीती आहे, असे दोन वा अधिक लोक तेथे तक्रार करू शकतात. वकील लागत नाही, खर्च नाही, पत्र आपल्या भाषेत चालते आणि नावे गुप्त ठेवण्याची विनंती करता येते. नेपाळातील अरुण धरणाविषयी पहिली तक्रार गेली आणि १९९५ साली बँकेने तेथून अंग काढून घेतले. २००४ साली आपल्या मुंबईतील दुकानदारांनी व रहिवाशांनी रस्त्यांच्या योजनेतील पुनर्वसनाबद्दल दाद मागितली. परिणामी २००६ साली काही महिने बँकेने पैसा रोखून धरला. आशियाई विकास बँकेनेही पुढे असेच दार उघडले.

तरीही हे न्यायालय नव्हे. मंडळ दोष दाखविते, भरपाईचा हुकूम देत नाही. गुजरातमधील मुंद्रा येथे जागतिक बँकेच्याच भगिनीसंस्थेच्या कर्जातून औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. तेथील मच्छीमारांची तक्रार तपासात खरी ठरली, परंतु नुकसान भरून निघाले नाही. तेव्हा ते अमेरिकेच्या न्यायालयात गेले. अशा संस्थेला संपूर्ण अभय नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या फेब्रुवारीत दिला. पुढे खालच्या न्यायालयांनी अन्य कारणास्तव दावा फेटाळला आणि २०२२ साली तो मार्ग संपला. दार उघडले, पण अर्धेच.

आणि जेथे परदेशी बँक नसते, तेथे हे अर्धे दारही नसते. देवास जिल्ह्याच्याच सीमेवर इंदिरा सागर धरण जागतिक बँकेच्या कर्जाविना झाले. हरसूद नगर २००४ साली उठविले गेले. २००५ च्या एप्रिलमध्ये याच जिल्ह्यात धाराजी येथे अमावस्येच्या जत्रेला जमलेले अनेक भाविक, धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. ही माणसे कोणत्या मंडळाकडे जाणार?

आपले कर्तव्य

पोप सहावे पॉल यांनी १९६७ साली सर्व मानवाच्या आणि संपूर्ण मानवाच्या विकासाची शिकवण दिली. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी आपल्या परिपत्रकात, योजना आखताना स्थानिक लोकांना विशेष स्थान असले पाहिजे, असे स्पष्ट सांगितले. तेव्हा आपल्या गावात रस्ता, बंदर वा धरण येऊ घातले, तर चार गोष्टी अवश्य कराव्या. पैसा कोणाचा आहे, हे विचारावे. ग्रामसभेस न चुकता जावे, घरातील स्त्रियांनीही जावे. न वाचलेल्या कागदावर सही वा अंगठा देऊ नये. अर्ज लेखी करावा व त्याची पोच जपून ठेवावी.

कन्नौदच्याच जिल्ह्यात उदयनगर येथे धन्यवादित सिस्टर राणी मारिया राहत होत्या. सावकाराच्या पाशात सापडलेल्या आदिवासींना त्या बँकेचे कर्ज, सरकारी योजना आणि स्वतःचे हक्क समजावून सांगत. या कार्यापायी २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये त्यांची हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले. गरिबाला हिशेब विचारावयास शिकविणे हे धर्मकार्यच होय, याची याहून मोठी साक्ष कोणती हवी?

आज सायंप्रार्थनेच्या वेळी आपल्या कुटुंबात त्या विधवेचा दाखला वाचावा आणि नर्मदाकाठच्या, अद्याप वाट पाहणाऱ्या बांधवांसाठी एक प्रणाम मारिया म्हणावा. आणि उद्या गावातील एखादी एकटी बाई आपला अर्ज घेऊन कचेरीत निघाली, तर तिच्यासोबत जावे.