मिरगाच्या पोटातला ढग

कोकणात मिरग म्हटला की आभाळाकडे बघायचं ते पावसासाठी. जूनच्या ७-८ तारखेला सूर्य मृग नक्षत्रात शिरतो आणि शेतात एकच लगबग उडते. नक्षत्र मात्र तेव्हा कुणालाच दिसत नाही. ते सूर्याबरोबर उगवतं आणि त्याच्याबरोबरच मावळतं. त्याची खरी भेट होते थंडीत. दिवाळीत ते रात्री दहाच्या सुमाराला पूर्वेला वर येतं, डिसेंबरच्या मध्याला मध्यरात्रीनंतर माथ्याशी पोचतं आणि फेब्रुवारीच्या मध्याला तर रात्रीची जेवणं उरकेपर्यंतच तिथे हजर असतं.

चार कोपऱ्यांना चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि बाणाच्या दक्षिणेला तीन फिकट ठिपके. त्यांतला मधला ठिपका पुसट, धुरकट वाटतो. तो एकटा तारा नव्हे, ढग आहे: मेसिये या खगोलनिरीक्षकाच्या यादीतला ४२ क्रमांकाचा तेजोमेघ, सुमारे १३५० प्रकाशवर्षांवरचा.

या नक्षत्राशी रत्नागिरीचा जुना संबंध आहे. २३ जुलै १८५६ रोजी इथे जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हाचं सूर्याचं स्थान) एकेकाळी मृगशीर्षात होता, असं वैदिक उल्लेखांवरून दाखवत त्यांनी वेदांचा काळ इसवी सनापूर्वी ४००० च्या आसपास नेला. सगळ्याच अभ्यासकांना ते पटलं नाही. जुन्या ज्योतिषाचा असाच मागोवा घेणारं, दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचं ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ छापून आलं ते १८९६ मध्ये.

हे दोघे पोथ्या आणि गणित घेऊन नक्षत्रांकडे वळले, तर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले कावसजी नायगमवाला वर्णपटदर्शक घेऊन. मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती मॅग्नेशियमची असावी, असं इंग्लंडात नॉर्मन लॉकियर म्हणत होते. विल्यम हगिन्स यांना ते मान्य नव्हतं. तसं असतं तर रेषेची एक कड पसरट दिसायला हवी होती. नायगमवालांनी १८९१ मध्ये कळवलं की रेषा स्वच्छ, धारदार आहे. तिचा उलगडा मात्र १९२७ पर्यंत लांबला: दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, अतिविरळ ऑक्सिजन, असं आयरा बोवेन यांनी दाखवून दिलं.

या मेघाचा पहिला फोटो हेन्री ड्रेपर यांनी अमेरिकेत घेतला, ३० सप्टेंबर १८८० रोजी. काचेवर प्रकाश साठवायला सुमारे ५० मिनिटं लागली. तीनच वर्षांत अँड्र्यू कॉमन यांच्या ३६ इंची आरशाने नजरेला न दिसणारे तारेही काचेवर उतरवले.

आज रत्नागिरीच्या सड्यावर आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण मांडली, तर सोबत असतो मोबाइल किंवा डीएसएलआर. मोकळ्या कातळावर आभाळ ऐसपैस मिळतं, पण खारट, दमट हवा पाठ सोडत नाही. मध्यरात्र होईतो नळीवर पाणी ओघळतं आणि आयपीसवर दव चढून तारे पिठाळतात. म्हणून आयपीस खिशात ऊबेला ठेवायची आणि टॉर्चवर लाल कागद लावायचा, म्हणजे अंधाराला सरावलेली नजर मोडत नाही.

फोटोत खरी अडचण पृथ्वीच्या फिरण्याची. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या नळीतून एका सेकंदाच्या फोटोतही ताऱ्याची रेघ उमटते. उपाय म्हणजे ध्रुवाकडे आस रोखलेली, मोटरवर फिरणारी बैठक. इथे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर, म्हणजे लांबवलेल्या हाताच्या दोन मुठींहूनही खाली. उत्तरेला माड असले की तो त्यांच्या झावळ्यांतच अडकतो.

तो सापडला तरी मेघ सोपा नाही. गाभ्यातल्या चार ताऱ्यांचा चौकोन इतका तेजस्वी की मिनिटभराच्या फोटोत त्या जागी नुसता पांढरा डाग उरतो. कडेचे पंख मात्र तेवढ्या वेळाशिवाय उमटत नाहीत. म्हणून दोन-तीन सेकंदांचे आणि मिनिट-दोन मिनिटांचे असे भरपूर फोटो घेऊन संगणकावर एकावर एक रचायचे. मग हायड्रोजनचा गुलाबी-तांबडा रंग वर येतो.

दुर्बिणीला डोळा लावणारा मात्र हा गुलाबी शोधत बसतो आणि त्याला दिसतो राखाडी धूर. अंधारात डोळ्याला तांबडा रंग जवळजवळ कळतच नाही. नीट, थोडं तिरक्या नजरेने पाहत राहिलं की चौकोनाभोवती हलकी हिरवट छटा जाणवते. ती त्याच ऑक्सिजनच्या रेषेची, नायगमवालांनी पुण्यात तपासलेली.