टाकीतली शिल्लक

मराठी माणूस दुसऱ्याचा पगार विचारताना थोडा संकोचतो, पण गाडीचे अ‍ॅव्हरेज मात्र बेधडक विचारतो. नवी मोटार दारात उभी राहिली, पेढे वाटून झाले, की शेजारच्या काकांचा पहिला प्रश्न ठरलेला : "काय, किती देते?" उत्तर देणाराही पदरचे दोन-तीन किलोमीटर घालून सांगतो. पुण्यात या प्रश्नाला परंपरा आहे. १९७२ साली बाजारात आलेल्या बजाजच्या चेतकवर या शहराच्या दोन पिढ्या वाढल्या. वाटेत पेट्रोल संपले की कॉक रिझर्व्हला फिरवायचा, तेही संपले की स्कूटर तिरकी करून उरलासुरला थेंब कार्ब्युरेटरकडे पाठवायचा आणि मनातल्या मनात देवाचे नाव घेत पंप गाठायचा, हे सगळ्यांनाच ठाऊक होते.

आता मोटारीत डोळ्यांसमोर आकडाच येतो. 'रेंज १४४ किलोमीटर.' पडद्यावर उमटलेला आकडा म्हणजे वेदवाक्य, अशी आपली समजूत असते. बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला मात्र कुठलाही आकडा दिसला की तो शिल्लक आहे की अंदाज, हे आधी विचारायची खोड असते. पासबुकात असते ती शिल्लक. पुढल्या वर्षीचा नफा कागदावर मांडलेला असतो तो अंदाज. रेंज हा आकडा दुसऱ्या जातीचा आहे.

तो तयार कसा होतो ते पाहू. टाकीत एक तरंगता गोळा असतो. पेट्रोलच्या पातळीबरोबर तो खालीवर होतो आणि त्यावरून टाकीत किती लिटर आहे याची खबर मिळते. गाडी चढावर किंवा तिरकी उभी असेल तर ही खबरही थोडी इकडेतिकडे होते. दुसरीकडे, गेल्या काही किलोमीटरांत गाडीने लिटरला किती अंतर काटले याची नोंद गाडीतला संगणक ठेवतो. या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे रेंज. टाकीत ८ लिटर आणि अलीकडचे अ‍ॅव्हरेज १८, तर १४४ किलोमीटर. पुढे घाट लागला, अ‍ॅव्हरेज १० वर उतरले, तर त्याच ८ लिटरचे ८० किलोमीटर होतात. पेट्रोल कुणी चोरलेले नसते. 'मागचा रस्ता होता तसाच पुढचा असेल' असे गाडीने धरलेले असते, इतकेच. महामार्गावरून शहरात शिरल्यावर आकडा भराभर घसरू लागतो आणि आपण उगाच कालच्या पंपवाल्यावर संशय घेतो, त्याचेही कारण हेच.

कंपनीच्या जाहिरातीतल्या अ‍ॅव्हरेजचेही तसेच. १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आपल्या वेताळ टेकडीवर आहे. देशातल्या कितीतरी गाड्यांच्या अ‍ॅव्हरेजवर तिची मोहोर असते. ही चाचणी प्रयोगशाळेत रुळांवर गाडी चालवून, ठरलेल्या वेळापत्रकाने होते. सगळ्या गाड्यांना एकच फूटपट्टी लागावी म्हणून ती योग्यच आहे. पण त्या वेळापत्रकात लक्ष्मी रस्त्यावरची दिवाळीची गर्दी नसते आणि पावसाळ्यातला वरंधा घाटही नसतो.

आता रेंजच्या हिशेबात नीट न बसणारी गोष्ट. गाडी उभी आहे, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला आहे आणि इंजिन मात्र चालू आहे. मेकॅनिक याला 'आयडलिंग' किंवा नुसते 'स्लो' म्हणतात. गरम झालेले पेट्रोल इंजिन अशा वेळी साधारण मिनिटाला ७०० ते ९०० फेरे घेते. ८०० फेरे धरले, तर चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला १६०० लहानलहान स्फोट होत असतात, आणि गाडी एक इंचही पुढे गेलेली नसते. इंजिन स्वतःचे घर्षण सांभाळते, बॅटरी भरते, एसी चालवते. घरात कुणी नसतानाही दुधाचे, पेपरचे, विजेचे बिल येतच राहावे, तसा हा खर्च.

कार्ब्युरेटरच्या काळात 'स्लो' लावणे ही कानाची विद्या होती. नाना पेठेतला जुना मिस्त्री बॉनेट उघडून, मान तिरकी करून, स्क्रू ड्रायव्हरने एक स्क्रू किंचित इकडे, किंचित तिकडे फिरवत असे. आवाज एकसारखा लागला की म्हणे, "झालं साहेब, आता बंद नाही पडणार." २००० सालच्या सुमारास प्रदूषणाचे नवे नियम आले, मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार होत गेला आणि हे काम संगणकाकडे गेले. सकाळी इंजिन थंड असताना फेरे वाढलेले दिसतात, एसी लावल्यावर इंजिन थोडे जोर घेते, हे सारे ठीकच. मात्र इंजिन गरम होऊनही फेरे हजाराच्या वर राहत असतील किंवा काटा उगाच खालीवर नाचत असेल, तर गॅरेज गाठावे. बहुतेक वेळा कुठेतरी नको तिथून हवा ओढली जात असते किंवा थ्रॉटलवर काजळी बसलेली असते.

उभ्या गाडीचा खर्च किती? लहान पेट्रोल मोटार तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पिते, एसी लावला तर आणखी. घर ते कचेरी आणि परत, अशा प्रवासात १२ सिग्नल लागले आणि प्रत्येकी सव्वा मिनिट गेले, तर रोजची १५ मिनिटे झाली. तासाला ०.८ लिटरच्या दराने रोज २०० मिलिलिटर, म्हणजे महिन्याच्या २५ दिवसांत ५ लिटर. १८ च्या अ‍ॅव्हरेजने ते ९० किलोमीटर, जवळजवळ सबंध मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग! हा रस्ता आपण दर महिन्याला सिग्नलवर उभे राहून काटतो, आणि धूर शेजारच्या स्कूटरवर बसलेल्या शाळकरी पोराच्या नाकात सोडतो. थांबा अर्ध्या मिनिटाहून मोठा दिसला तर इंजिन बंद करावे, हे पीसीआरएसारखी सरकारी संस्था कित्येक वर्षे सांगत आली आहे.

सुट्टीच्या दिवशी बोरघाटात वाहतूक तुंबली, तर किलोमीटरचा आकडा फारसा उपयोगाचा नाही. तिथे लिटर आणि तास मोजावेत. टाकीत ४ लिटर असतील आणि एसीसह तासाला एक लिटर जात असेल, तर हाताशी चार तास आहेत, आणि त्यातूनच पुढचा पंपही गाठायचा आहे. मुलेबाळे, म्हातारी माणसे बरोबर असतील तर निघतानाच टाकी निम्म्याच्या वर असावी. बँकेत किमान शिल्लक ठेवतात, ती काही खर्चायला नसते.

आता शेवटची आणि सर्वांत गंभीर गोष्ट. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की पेट्रोल वाचते, असे वडीलधाऱ्यांनी आपल्याला शिकवले. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत ते खरे नाही. गिअरमध्ये राहून पाय काढला, तर चाकेच इंजिन फिरवतात आणि संगणक इंधन बंद करून टाकतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला जिवंत राहण्यासाठी इंधन प्यावेच लागते. म्हणजे बचत तर नाहीच, वर इंजिनाचा अडसर निघून गेल्यामुळे सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी दगा देतात. इंजिनच बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदतही थोड्या वेळात संपते.

हे पुस्तकी नाही. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना चांगलाच ठाऊक आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड मालवाहू गाडीने धडका दिल्या आणि चाळीसहून अधिक वाहनांचे नुकसान झाले. इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली होती, असे प्राथमिक तपासात पुढे आल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. त्या उतारावर वाचून वाचून किती डिझेल वाचणार? लिटरभरसुद्धा नाही.

काटकसर हा आपल्या मध्यमवर्गाचा सद्गुण आहे आणि तो सोडायचे कारण नाही. फक्त ती सिग्नलवर करावी, टायरमधली हवा वेळेवर तपासून करावी, वेग आवरून करावी. उतार मात्र गिअरमध्येच उतरावा. मुलगा किंवा सून नव्याने गाडी शिकत असेल, तर अ‍ॅव्हरेज सांगण्याआधी ही एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगा.