वाऱ्याचा हिशेब

शर्यतीहून परत आलो की लोंढ्यात ओळखीचा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, "काय, कितवा आलास?" प्रश्न आपुलकीचा असतो आणि उत्तर एका आकड्यात देता येते, म्हणून मीही आकडा सांगून मोकळा होतो. २०२४ च्या दसऱ्यापासून २०२५ च्या शिमग्यापर्यंत मी सहा शर्यतींत भाग घेतला. त्यांतला माझा सर्वांत चांगला आकडा सहावा. परंतु ज्या शर्यतीत मी सहावा आलो तिचीच मला लाज वाटते, आणि जिच्यात अकरावा आलो तिचे समाधान वाटते. हे कोडे उलगडायचे तर सायकल शर्यत म्हणजे नेमके काय असते ते आधी सांगितले पाहिजे. रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहणाऱ्याला शेवटच्या फितीजवळचा पहिला गडी तेवढा दिसतो. त्याच्या मागे काय घडून गेले ते सहसा कोणी सांगत नाही.

आपल्या भागाला या खेळाची पार्श्वभूमी नाही असे नाही. विजापूर-बागलकोटकडच्या गावांनी राष्ट्रीय पातळीवरचे अनेक सायकलपटू दिले आहेत. तिकडे महाराष्ट्रात १९४५ साली सुरू झालेली मुंबई-पुणे शर्यत प्रसिद्ध आहे. तिच्यात बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. लोंढ्याच्या मुलाला तर सरावासाठी दोन्ही प्रकारचे रस्ते उंबऱ्याशी आहेत. रामनगरवरून अनमोडकडे गेले की जंगल आणि घाट. उलट बाजूने खानापूर ओलांडून बेळगावकडे निघाले की झाडी विरळ होत जाते, माळ लागतो आणि वारा अंगावर येतो. पावसाळ्याचे चार महिने सायकल जवळजवळ घरातच असते. खरा हंगाम सुरू होतो तो दसऱ्यानंतर.

सायकलस्वाराचा मुख्य प्रतिस्पर्धी शेजारचा स्वार नसून वारा असतो, हे मला पहिल्या दोन शर्यतींत समजले. वारा सुटलेला नसला तरीही तो असतोच, कारण आपण हवा कापत पुढे जात असतो. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने एकट्याने जाताना आपली सुमारे तीन चतुर्थांश शक्ती केवळ हवा बाजूला सारण्यात खर्च होते. वेग दुप्पट केला तर हवेचा रोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि तेवढेच अंतर निम्म्या वेळात कापायचे असल्यामुळे त्यासाठी लागणारी ताकद आठपट होते. म्हणून ताशी वीस किलोमीटरने जाणारा माणूस गाणे म्हणू शकतो आणि ताशी चाळीसने जाणाऱ्याला शब्दही फुटत नाही. बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७२ साली एका तासात ४९ किलोमीटर ४३१ मीटर अंतर तोडून विक्रम केला. तो त्यासाठी मुद्दाम मेक्सिको सिटीला गेला होता. ते शहर समुद्रसपाटीपासून दोन हजार दोनशे मीटरांहून उंच आहे आणि तेथील हवा विरळ आहे. जगातला त्या वेळचा सर्वश्रेष्ठ सायकलपटूही हवेपुढे असा नमला.

हवेवर आणखी एक उपाय आहे, तो म्हणजे दुसऱ्याची पाठ. पुढच्या सायकलीच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर आपले चाक ठेवले, तर हवा फोडण्याचे काम पुढचा करतो आणि मागच्याची सुमारे चतुर्थांश ते तृतीयांश शक्ती वाचते. याला आम्ही 'आडोसा घेणे' म्हणतो. वारा बाजूने येत असेल तर मागचा स्वार सरळ मागे न राहता किंचित बाजूला राहतो. असे पाचसहा जण तिरक्या रांगेत चाललेले दिसले की ओळखावे, वारा कडेचा आहे.

यातूनच या खेळाचा अलिखित कायदा निर्माण झाला आहे. चार जण एकत्र असले तर प्रत्येकाने आळीपाळीने पुढे यावे, थोडा वेळ वारा छातीवर घ्यावा, कोपर हलवून खूण करावी आणि बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जावे. असे केले तर चौघेही कोणाही एकट्यापेक्षा वेगाने जातात. एखाद्याने आपली पाळी चुकवली तर पंच त्याला बाद करीत नाहीत. पंचांच्या पुस्तकात तो गुन्हाच नाही. पण रांगेतल्या प्रत्येकाला ते कळते.

आता माझ्या सहाव्या क्रमांकाची हकीकत सांगतो. डिसेंबरातील शर्यत चोपन्न किलोमीटरची होती, जाऊन परत यायचे होते. परतीच्या वाटेवर वारा समोरून होता. पुढचे पाच जण केव्हाच निघून गेले होते. त्यांच्या मागे मी आणि बैलहोंगलकडचा एक मुलगा असे दोघेच उरलो. वयाने माझ्यापेक्षा दोनतीन वर्षांनी लहान असेल. त्याची सायकल जुनी होती आणि हँडलची पट्टी सुटलेली होती. तो पुढे होता, मी मागे. त्याने कोपर हलवले. मी दमल्याचे सोंग केले. काही वेळाने त्याने पुन्हा खूण केली, मग मान वळवून म्हणाला, "अण्णा, मुंद बर्री." म्हणजे, अण्णा, जरा पुढे या. मला कन्नड समजते. तरीही मी न समजल्यासारखे केले. असे सुमारे बारा किलोमीटर तो एकटा वाऱ्याशी झगडत राहिला. शेवटची दोनशे मीटर उरली तेव्हा मी त्याच्या आडोशातून बाहेर पडलो आणि त्याच्या पुढे गेलो. बक्षिसे पहिल्या सहांना होती. मला पाचशे रुपये आणि एक कप मिळाला. त्याला काहीच मिळाले नाही. तो माझ्याजवळ आला, हात मिळवला आणि निघून गेला. त्याने तक्रार केली असती तर मी वाद घातला असता. त्याने ती केली नाही, म्हणून मला घरी येईपर्यंत कपाकडे पाहवले नाही.

मी स्वतःशी पुष्कळ युक्तिवाद केले. नियमभंग तर झाला नव्हता. मोठमोठ्या शर्यतींतही लोक दुसऱ्याच्या आडोशाने जिंकतात. ही गोष्ट खरी आहे. फ्रान्सची १९०३ साली सुरू झालेली टूर द फ्रान्स ही शर्यत आजही अशा डावपेचांनी भरलेली असते. तिच्यात एका संघातले आठ जण असले तरी बहुतेक जण आपल्या प्रमुखासाठी वारा खातात, त्याला पाणी आणून देतात आणि स्वतः मागे राहतात. पण तेथे ते ठरलेले काम असते आणि त्याचा मोबदला असतो. माझ्यासाठी वारा खाल्लेल्या मुलाशी माझा असा कोणता करार होता?

याच्या उलट टोकाची शर्यतही आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' होते. तिच्यात दुसऱ्या स्पर्धकाचा आडोसा घेणे नियमबाह्य आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांचा संघ करून ती पूर्ण केली. २०१७ साली लष्करातील श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. तेथे प्रत्येकाने आपला वारा आपणच खायचा असतो. आपल्याकडच्या शर्यतींत तसा नियम नाही. म्हणून निवड ज्याची त्याने करायची असते, आणि तेच अवघड आहे.

घाटात मात्र हा सारा हिशेब बदलतो. चढावर वेग ताशी दहाबारा किलोमीटरवर येतो, त्यामुळे हवेचा रोध नगण्य होतो आणि आडोशाचा उपयोग फारसा उरत नाही. तेथे सामना वजनाशी असतो. शंभर मीटरला पाच मीटर उंची वाढणारा चढ घ्या. स्वार व सायकल मिळून ७५ किलो भरत असतील, तर चढ संपेपर्यंत सतत पावणेचार किलो वजन ओढत राहावे लागते. गिअर हे वजन कमी करीत नाही, फक्त त्याचे लहान लहान हप्ते पाडून देतो. साध्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले तर पायडलच्या एका फेऱ्यात ती साडेपाच मीटरच्या आसपास जाते. गिअरच्या सायकलीवर पुढे ३९ आणि मागे २६ दाते लावले तर एका फेऱ्यात तीन मीटरांहून थोडे अधिक. फेरे वाढतात, पण प्रत्येक फेरा पायाला झेपतो. टूर द फ्रान्समध्ये १९३७ सालापर्यंत आजच्यासारखे गिअर बदलण्याची मुभा नव्हती. डोंगराच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक काढायचे आणि उलटे करून बसवायचे, म्हणजे दुसऱ्या बाजूची मोठी दातेरी चकती साखळीला मिळे.

घाट म्हटला की लोंढ्याच्या माणसाला कॅसलरॉक आठवणारच. १८८८ सालापासून कुळे ते कॅसलरॉक हा लोहमार्ग सह्याद्री चढतो. त्याचा सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला १ मीटर इतका आहे. आपल्या सायकलीला हा चढ किरकोळ वाटेल, पण पोलादी रुळावर पोलादी चाक घसरते, म्हणून आगगाडीला तो अतिशय कठीण. त्यामुळे कुळ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात. ती गाडी वर ढकलतात आणि कॅसलरॉकला सुटतात. लोंढ्याला गाडी येते तेव्हा ती इंजिने तिच्याबरोबर नसतात, पण त्यांच्यावाचून ती येथे पोहोचलीच नसती. हे मी लहानपणापासून पाहत आलो, पण शर्यतीच्या संदर्भात त्याचा विचार केला तो डिसेंबरनंतर.

जानेवारीच्या शर्यतीने दुसरा धडा शिकवला. ती ऐंशी किलोमीटरची होती. सकाळी केवळ चहा घेऊन निघालो आणि पहिल्या तासात सर्वांच्या पुढे राहण्याची हौस भागवली. स्नायू आणि यकृत मिळून आपल्या शरीरात साखरेचा साठा सुमारे चारशे ते पाचशे ग्रॅम असतो. जोरात सायकल हाणली तर तो दीडदोन तासांत संपत येतो. चरबी शिल्लक असते, पण ती इतक्या झटपट कामी येत नाही. पासष्टाव्या किलोमीटरला माझे पाय थंड पडले, डोळ्यांपुढे ठिपके आले आणि मी रस्त्याच्या कडेला बसलो. उसाच्या गाडीवाल्या एका मामांनी काही न विचारता उसाचे कांडे मोडून हातात दिले. त्या कांड्याच्या जोरावर मी शेवटून तिसरा का होईना, पण शर्यत पुरी केली. तेव्हापासून दर अर्ध्या तासाने केळे किंवा गूळ-शेंगदाणे तोंडात टाकतो, भूक लागण्याची वाट पाहत नाही.

मार्चमधील शेवटची शर्यत बहात्तर किलोमीटरची होती. सुरुवातीच्या रेषेवर तो बैलहोंगलकडचा मुलगा पुन्हा भेटला. चाळीस किलोमीटर झाल्यावर पुढची टोळी आमच्यापासून सुटली. अंतर मिनिटभराचे असेल, वारा समोरून होता. मी त्याच्या पुढे गेलो आणि मागे राहण्याची खूण केली. सुमारे दहा किलोमीटर मी पुढेच राहिलो. त्याने दोनदा पुढे येण्याचा प्रयत्न केला, मी येऊ दिले नाही. आम्ही टोळीला गाठले तेव्हा माझ्या पायांत काही उरले नव्हते. पुढच्या पहिल्याच चढावर टोळी निघून गेली, तिच्याबरोबर तोही गेला. तो चौथा आला आणि त्याला बक्षीस मिळाले. मी अकरावा आलो. नंतर भेटला तेव्हा मी म्हटले, "डिसेंबरचे राहिले होते." तो हसला आणि मराठीत म्हणाला, "आठवण आहे, अण्णा." बस्स, एवढेच. डिसेंबरचे पाचशे रुपये त्यामुळे परत गेले असे मी मानत नाही. निदान त्याच्याकडे सरळ पाहता आले.

नव्याने सायकल चालवू इच्छिणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी दोन शब्द. महागडी सायकल घेण्याची घाई करू नका. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे, इतकी बैठक उंच करा. गुडघेदुखी निम्मी तेथेच थांबेल. पहिला महिना सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर पुरेत. घाट उतरताना, विशेषतः रस्ता ओला असताना, वळणाच्या आधीच ब्रेक लावा, वळणात नव्हे. डोक्यावर हेल्मेट असू द्या, खिशात केळे असू द्या. आणि कोणाच्या आडोशाने गेलात, तर आपली पाळी आल्यावर पुढे या.

आता कोणी "कितवा आलास?" असे विचारले तर मी अकरावा म्हणून सांगतो. लोक जरा खट्टू होतात. मी होत नाही.